बायबलमधील उपवास : प्रयोजने आणि प्रामाणिकपणाच्या कसोट्या

प्रस्तावना

उपवास हे मानवाच्या धर्मजीवनातील अत्यंत प्राचीन आणि जवळजवळ सर्वत्र आढळणारे आचरण आहे. धाराशिव तालुक्यातील बेंबळी आणि परिसराचा विचार केला, तरी उपवासाच्या कितीतरी परंपरा येथे शेजारी शेजारी नांदताना दिसतात. आषाढी-कार्तिकी एकादशी, संकष्टी चतुर्थी, तुळजाभवानीचे नवरात्र आणि रमजानचे रोजे हे येथील वर्षाच्या दिनक्रमाचे भाग आहेत. याच जिल्ह्यातील कुंथलगिरी या जैन तीर्थक्षेत्री आचार्य शांतिसागर यांनी १९५५ मध्ये सल्लेखना घेऊन देह ठेवला. अन्नत्यागाला धार्मिक अर्थ आहे, हे या भूभागातील माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

ख्रिस्ती धर्मातील उपवासाविषयी मात्र या भागात फारशी माहिती आढळत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित कमी होती. ती प्रामुख्याने मुंबई, वसई, ठाणे, पुणे, अहिल्यानगर या भागांत एकवटलेली आहे. १० ते १२ जानेवारी २०२० या काळात तत्कालीन उस्मानाबाद येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद ‘सुबोध बायबल’चे कर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. त्या निमित्ताने मराठी ख्रिस्ती साहित्याची चर्चा या जिल्ह्यात झाली. तथापि बायबलमधील आचारधर्माचा परिचय त्या मानाने कमीच राहिला आहे.

बायबलमध्ये उपवास कोणत्या कारणांनी केला जातो आणि तो प्रामाणिक ठरण्यासाठी कोणत्या अटी सांगितल्या आहेत, या दोन प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. स्वेच्छेने उपाशी राहणारा मनुष्य नाइलाजाने उपाशी असणाऱ्या मनुष्याशी कसा वागतो, यावर उपवासाचा खरेपणा ठरतो, ही बायबलमधील उपवासविचाराची मध्यवर्ती भूमिका होय. या भूमिकेच्या आधारे पुढील मांडणी केली आहे.

शब्द आणि संकल्पना

संस्कृतमधील ‘उपवास’ हा शब्द ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘वस्’ म्हणजे राहणे यांपासून बनला आहे. त्यात अन्नाचा उल्लेख नाही, सान्निध्याचा आहे. बायबलच्या जुन्या करारातील हिब्रू ‘त्सोम’ आणि नव्या करारातील ग्रीक ‘नेस्तेइया’ या शब्दांचा अर्थ मात्र सरळ ‘अन्न न घेणे’ असा आहे. हिब्रूमध्ये आणखी एक शब्दप्रयोग आढळतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘जिवाला क्लेश देणे’ किंवा ‘जिवाला नमविणे’ असा होतो. नियमशास्त्रात उपवासाची आज्ञा देताना हाच प्रयोग योजिला आहे. म्हणजे अन्नत्याग हे बाह्य कर्म आणि जिवाने नम्र होणे हा त्याचा आशय, अशी ही रचना आहे.

मराठी बायबलच्या भाषांतरांत ‘उपास’ हा लोकभाषेतील शब्द रूढ आहे. या शब्दाभोवतीची मराठी क्रियापदे अर्थपूर्ण आहेत. ‘उपास करणे’ किंवा ‘उपास धरणे’ यात कर्त्याची इच्छा आहे. ‘उपास पडणे’ किंवा ‘उपास घडणे’ यात परिस्थितीची सक्ती आहे. ‘उपास’ आणि ‘उपासमार’ हे शब्दही एकाच घरातले आहेत. मराठी भाषा हे दोन अनुभव वेगळे ओळखते आणि त्यांची नातीही विसरू देत नाही. बायबलमधील संदेष्ट्यांनी उपवासाविषयी जे म्हटले आहे, ते समजून घेण्यास हा भाषिक भेद फार उपयोगी पडतो.

जुन्या करारातील उपवासाची प्रयोजने

नियमशास्त्राने सर्व लोकांवर वर्षातून एकच उपवास बंधनकारक केला होता. सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी येणारा प्रायश्चित्ताचा दिवस हा तो होय (लेवीय १६ व २३). या दिवशी संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत सर्व कामे बंद ठेवून जिवाला नमवावयाचे असे. उर्वरित उपवास प्रसंगपरत्वे, व्यक्तीच्या किंवा समाजाच्या निर्णयाने होत असत. त्यांची प्रयोजने स्थूलमानाने चार प्रकारांत मांडता येतात.

१) पश्चात्ताप : मिस्पा येथे जमलेल्या इस्राएल लोकांनी मूर्तिपूजेचे पाप कबूल करीत दिवसभर उपवास केला (१ शमुवेल ७). सोन्याच्या वासराची पूजा झाल्यानंतर मोशेने लोकांच्या पापासाठी चाळीस दिवस अन्नपाणी वर्ज्य केल्याचे अनुवादाच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. टोळधाड आणि अवर्षण यांनी देश होरपळला असता योएल संदेष्ट्याने सार्वजनिक उपवास पुकारला. मात्र त्याच वेळी वस्त्रे फाडण्यापेक्षा अंतःकरण फाडावे, अशा आशयाचा इशाराही दिला.

२) शोक : शौल राजा आणि त्याचे पुत्र युद्धात मारले गेले, तेव्हा याबेश-गिलादच्या लोकांनी त्यांच्या अस्थी पुरून सात दिवस उपवास केला (१ शमुवेल ३१). ज्याने आपल्या जिवाचा पाठलाग केला त्या शौलासाठी दावीदानेही संध्याकाळपर्यंत अन्न घेतले नाही. घरात मृत्यू झाला असता चूल न पेटविण्याची मराठी मुलखातील रीत येथे सहज आठवते. दुःखात अन्न गोड लागत नाही, या स्वाभाविक अनुभवाला येथे सामूहिक रूप दिलेले दिसते.

३) संकटकाळची याचना : पर्शियन साम्राज्यातील यहुद्यांच्या संहाराचा हुकूम निघाला असता एस्तेर राणीने आपल्या लोकांना तीन दिवस अन्नपाण्यावाचून राहण्यास सांगितले आणि स्वतःही तसेच केले. त्यानंतर ती जिवावर उदार होऊन राजासमोर गेली. उपवासाने तिचे काम संपले नाही. ते पार पाडण्याची सिद्धता झाली. एज्राने बाबेलहून यरुशलेमला निघताना अहवा नदीकाठी उपवास पुकारला, कारण राजाकडे सैनिक मागण्याची त्याला लाज वाटत होती आणि वाट धोक्याची होती (एज्रा ८).

४) ईश्वराभिमुखता आणि मार्गदर्शन : दानीएल प्रार्थनेत एकाग्र होण्यासाठी उपवास करतो. दहाव्या अध्यायात तो तीन आठवडे मिष्टान्न, मांस आणि द्राक्षारस वर्ज्य करतो. पूर्ण अन्नत्यागाऐवजी काही पदार्थ सोडण्याचा अंशतः उपवासही बायबलला मान्य आहे, हे या उदाहरणावरून दिसते.

या सर्व उदाहरणांबरोबर दावीदाच्या जीवनातील एक प्रसंग विशेष विचारात घेण्यासारखा आहे. आपल्या अपराधानंतर जन्मलेले मूल आजारी पडले, तेव्हा तो जमिनीवर पडून उपवास करीत राहिला. सातव्या दिवशी मूल दगावले. तेव्हा तो उठला, स्नान केले, उपासना केली आणि जेवला (२ शमुवेल १२). सेवकांना याचे आश्चर्य वाटले. उपवास ही देवाशी केलेली देवघेव असती, तर मागणी फेटाळली गेल्यावर दावीदाने तक्रार केली असती. त्याने उत्तर स्वीकारले. उपवासाने ईश्वराला बांधून घेता येत नाही, ही जाणीव या प्रसंगात स्पष्ट आहे.

संदेष्ट्यांची चिकित्सा

उपवासाचा गौरव करणाऱ्या याच ग्रंथात उपवासावरील कठोर टीकाही आहे. तिचे सर्वांत भेदक उदाहरण नाबोथाच्या द्राक्षमळ्याच्या कथेत सापडते (१ राजे २१). अहाब राजाला नाबोथाचा मळा हवा होता. वडिलोपार्जित जमीन विकण्यास नाबोथ तयार नव्हता. तेव्हा ईजबेल राणीने राजाच्या नावाने पत्रे पाठवून नगरात उपवास जाहीर करविला. त्या सभेत नाबोथाला मानाची जागा दिली आणि दोन खोटे साक्षीदार उभे करून त्याच्यावर निंदेचा आरोप ठेविला. त्याला दगडमार करून ठार करण्यात आले आणि मळा राजाच्या घशात गेला. सार्वजनिक उपवास हे एका शेतकऱ्याची जमीन बळकावण्याचे साधन झाले, हे बायबल लपवीत नाही. यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायातही असाच विरोधाभास आहे. उपवासासाठी यरुशलेमात जमलेल्या लोकांना संदेष्ट्याचे लेख वाचून दाखविले गेले. पुढे तीच गुंडाळी राजाने चाकूने कापून शेगडीत जाळली.

या टीकेचा कळस यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात आहे. बहुतेक अभ्यासक या भागाचा काळ बाबेलच्या बंदिवासानंतरचा, म्हणजे इ. स. पूर्व ५३८ नंतरचा मानतात. परतलेल्या लोकांची देवाकडे तक्रार आहे की, आम्ही उपवास करतो, तरी तू लक्ष का देत नाहीस? संदेष्ट्याच्या मुखातून मिळणारे उत्तर असे की, उपवासाच्या दिवशीही तुम्ही आपला स्वार्थ साधता आणि आपल्या मजुरांना राबवून घेता. उपवास करून भांडणे आणि मारामाऱ्या करता. लव्हाळ्यासारखी मान वाकवून गोणताट अंथरणे हा देवाला प्रिय असलेला उपवास नव्हे. अन्यायाची बंधने सोडणे, जोखड मोडणे, भुकेल्याला आपल्या अन्नातील वाटा देणे, बेघराला घरात घेणे, उघड्याला वस्त्र देणे हाच इष्ट उपवास, असे त्याचे प्रतिपादन आहे.

या वचनाचे सामर्थ्य त्यातील तपशिलात आहे. उपवास करणारा मालक आहे; त्याच्या हाताखाली राबणारा मजूर आहे. मालक धर्मासाठी एक दिवस उपाशी राहतो, आणि त्याच दिवशी मजुराची मजुरी, विश्रांती किंवा सन्मान हिरावला जातो. ऊसतोडीसाठी दरवर्षी गाव सोडणारी कुटुंबे आणि रोजंदारीवर पोट असणारे शेतमजूर ज्या जिल्ह्यात मोठ्या संख्येने आहेत, तेथील वाचकाला या चित्राचा अर्थ समजण्यास भाष्यकाराची गरज पडू नये.

नहेम्याच्या ग्रंथात हाच विचार कृतीत उतरलेला दिसतो. यरुशलेमचा तट पडल्याची वार्ता ऐकून नहेम्याने उपवास व प्रार्थना केली. पुढे इ. स. पूर्व ४४५ च्या सुमारास तो यरुशलेमला आला, तेव्हा दुष्काळात धान्यासाठी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण पडल्याचा आणि मुले गुलामीत गेल्याचा आक्रोश त्याच्या कानी आला. त्याने सावकारी करणाऱ्या प्रतिष्ठितांना भर सभेत जाब विचारला. शेते व व्याज परत करविले. आणि अधिपती या नात्याने मिळणारा अन्नाचा भत्ता स्वतः घेतला नाही (नहेम्या ५). पहिल्या अध्यायातील उपवास आणि पाचव्या अध्यायातील कर्जमुक्ती ही एकाच माणसाची दोन कृत्ये आहेत.

जखऱ्याच्या सातव्या अध्यायात लोक विचारतात की, मंदिराच्या नाशाच्या स्मरणार्थ पाचव्या महिन्यात धरला जाणारा उपवास पुढेही चालू ठेवावा काय? संदेष्टा उलट प्रश्न करतो : इतकी वर्षे तो उपवास देवासाठी केला होता काय? आणि लगेच विधवा, अनाथ, परका आणि गरीब यांच्यावर जुलूम न करण्याची आठवण देतो. योनाच्या ग्रंथात निनवे नगरातील माणसांनीच नव्हे, तर जनावरांनीही उपवास केल्याचे वर्णन आहे. परंतु देवाने काय पाहिले, हे सांगताना ग्रंथकार त्यांची कृत्ये आणि कुमार्गापासून त्यांचे फिरणे एवढ्यांचाच उल्लेख करतो. यहुदी परंपरेतील ‘मिश्ना’ या संहितेत उपवासाच्या दिवशी वडीलधाऱ्याने लोकांना नेमकी हीच गोष्ट दाखवून द्यावी, असे सांगितले आहे.

नव्या करारातील उपवास

येशूच्या कार्याचा आरंभ अरण्यातील चाळीस दिवसांच्या उपवासाने होतो. तेथे त्याच्यापुढे आलेला पहिला मोह दगडांच्या भाकरी करण्याचा आहे. स्वतःच्या भुकेसाठी सामर्थ्य न वापरणारा येशू पुढे भुकेल्या जमावाला मात्र भाकरी देतो, हा शुभवर्तमानातील क्रम लक्षणीय आहे.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दानधर्म, प्रार्थना आणि उपवास अशा तीन आचरणांचा क्रमाने विचार आला आहे. तिन्हींबाबत दोष एकच दाखविला आहे, तो म्हणजे लोकांनी पाहावे म्हणून करणे. चेहरा म्लान करून उपवास मिरविणाऱ्याला लोकांची वाहवा मिळते. त्याचे वेतन त्याला तेथेच चुकते होते. म्हणून डोक्याला तेल लावावे, तोंड धुवावे आणि नेहमीसारखे दिसावे, असे येशू सुचवितो. येथे उपवासाचा निषेध नाही. उपवास केला जाणारच, हे गृहीत आहे. आक्षेप प्रदर्शनाला आहे.

लूकच्या अठराव्या अध्यायातील दृष्टान्तात परुशी आठवड्यातून दोनदा उपवास करीत असल्याचे सांगतो. त्याचा उपवास खोटा नाही. तो खरोखरच उपाशी राहतो. परंतु त्या उपवासाचा उपयोग तो शेजारी उभ्या असलेल्या जकातदाराला तुच्छ लेखण्यासाठी करतो. नीतिमान ठरून घरी जातो, तो जकातदार. अन्नत्याग तंतोतंत पाळूनही उपवास फसू शकतो, हे या दृष्टान्तातून स्पष्ट होते.

तुझे शिष्य उपवास का करीत नाहीत, या प्रश्नाला येशूने लग्नाचे उदाहरण दिले. वर सोबत असताना वऱ्हाडी उपाशी राहत नाहीत. वर दूर नेला जाईल तेव्हा ते उपवास करतील (मार्क २). उपवासाला काळवेळ आहे आणि आनंदालाही आहे, असा त्याचा अर्थ होतो. प्रेषितांच्या काळात अंत्युखियाच्या मंडळीने उपवास व प्रार्थना करून बर्णबा आणि शौल, म्हणजे पुढचा पौल, यांना कार्यासाठी पाठविले (प्रेषितांची कृत्ये १३). पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, असा समतोल राखला आहे.

पाठचिकित्सेच्या दृष्टीने एक मुद्दा येथे नोंदविणे आवश्यक आहे. काही दुष्टात्मे ‘प्रार्थना व उपवास’ यांवाचून निघत नाहीत, असे वाक्य मार्कच्या नवव्या अध्यायात अनेक जुन्या भाषांतरांत आढळते. अतिप्राचीन हस्तलिखितांत तेथे केवळ प्रार्थनेचा उल्लेख आहे. मत्तयातील समांतर ओवीही (१७:२१) त्या हस्तलिखितांत नाही. उपवासाला अद्भुत शक्ती मिळविण्याचा उपाय समजणाऱ्यांनी हा पाठभेद ध्यानात घ्यावयास हवा.

उत्तरकालीन परंपरा आणि महाराष्ट्र

आरंभीच्या ख्रिस्ती लेखनात संदेष्ट्यांचा विचार व्यवहाराच्या पातळीवर आलेला दिसतो. दुसऱ्या शतकातील ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात उपवासाच्या दिवशी वाचलेल्या जेवणाची किंमत मोजून ती विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्यावी, असे सांगितले आहे. त्याच शतकातील आरिस्तिदेस या लेखकाने ख्रिस्ती लोकांविषयी असे नमूद केले आहे की, त्यांच्यात कोणी गरीब असेल आणि त्याला देण्यापुरते अधिक अन्न जवळ नसेल, तर ते स्वतः दोन-तीन दिवस उपवास करून त्याची गरज भागवितात. येथे उपवास म्हणजे अन्नाचे एका ताटातून दुसऱ्या ताटात स्थलांतर होय.

पुनरुत्थानाच्या सणापूर्वीचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ चौथ्या शतकापर्यंत रूढ झाला. राखेच्या बुधवारपासून सुरू होणाऱ्या या काळात मधले रविवार उपवासाचे धरले जात नाहीत. कॅथलिक धर्मसभेच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस १८ ते ५९ वर्षे वयाच्या व्यक्तींसाठी उपवासाचे आहेत. त्या दिवशी एकच पूर्ण भोजन घ्यावयाचे असते. मांसवर्जनाचा नियम १४ व्या वर्षापासून लागू होतो. वसई परिसरातील मराठीभाषक कॅथलिक समाजात हा काळ पाळण्याची परंपरा दीर्घ आहे. प्रोटेस्टंट विचारसरणीने उपवासाची सक्ती नाकारली, परंतु व्यक्तिगत व सामूहिक उपवासप्रार्थना कायम ठेवली. १८१३ पासून मुंबईत कार्य करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनसारख्या संस्थांच्या द्वारे हीच परंपरा महाराष्ट्रात आली.

उपवास आणि उपासमार यांचे नाते ज्यांच्या जीवनात अत्यंत तीव्रतेने प्रकटले, अशा मराठी ख्रिस्ती व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थयात्रा आणि पुराणकथन करीत देशभर फिरत असे. व्रते, उपवास, दानधर्म यांत या कुटुंबाने काहीही उणे ठेविले नव्हते. १८७० च्या दशकातील दुष्काळात हेच कुटुंब अन्नाला मोताद झाले आणि रमाबाईंचे आईवडील व थोरली बहीण त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील निराधार मुली व स्त्रियांना त्यांनी आसरा दिला. केडगावचे मुक्ती मिशन त्यातूनच उभे राहिले. पुढे मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. भुकेल्याला अन्न आणि बेघराला आसरा देण्याचा यशयातील आदेश भाषांतरित करणारी ही लेखणी स्वतः भूक भोगलेल्या आणि भुकेल्यांना घरात घेतलेल्या स्त्रीची होती. शब्द आणि कृती यांचा असा मेळ भाषांतराच्या इतिहासात विरळा होय.

उपवास आणि दबाव

आधुनिक महाराष्ट्राने उपवासाचे सार्वजनिक रूप अनेकदा पाहिले आहे. ते बायबलच्या परंपरेतून आलेले नाही; तथापि तुलनेसाठी त्याचा विचार उद्बोधक ठरतो. २० सप्टेंबर १९३२ रोजी महात्मा गांधींनी येरवडा कारागृहात अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध उपोषण सुरू केले. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या उपोषणावर ते दडपण असल्याची कठोर टीका केली. मे १९३३ मध्ये गांधींनी पुण्यात केलेला २१ दिवसांचा उपवास आत्मशुद्धीसाठी म्हणून जाहीर झाला होता. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले आणि मंदिराचे दार उघडले.

बायबलमधील उपवासाला उद्देशून असलेली व्यक्ती ईश्वर आहे, विरोधक नव्हे. एस्तेर राजाविरुद्ध उपोषणाला बसत नाही. उपवास करून राजाकडे जाते. या अर्थी ‘उपोषण’ आणि बायबलमधील ‘उपास’ यांत भेद आहे. मात्र यशयाची कसोटी दोहोंना लावता येते : उपवासाने कोणाच्या मानेवरचे जोखड सुटले आणि कोणाच्या मानेवर बसले? पंढरपूरच्या उपोषणाचे उत्तर या कसोटीवर स्पष्ट आहे. येरवड्याच्या उपोषणाविषयी वाद अद्याप चालू आहे, आणि तो ज्यांच्या मानेचा प्रश्न होता त्यांच्या बाजूने विचारला जातो, हे योग्यच होय.

प्रामाणिक उपवासाच्या कसोट्या

वरील विवेचनातून प्रामाणिक उपवासाच्या सहा कसोट्या हाती येतात.

१) हेतूची स्पष्टता : उपवास पश्चात्ताप, शोक, याचना किंवा मार्गदर्शन यांपैकी कशासाठी आहे, हे उपवास करणाऱ्याला ठाऊक असावे. जखऱ्याचा प्रश्न हाच आहे.

२) देवघेवीचा अभाव : उपवास हे ईश्वराला दिलेले मोल नव्हे. हवे ते न मिळाल्यास दावीदाप्रमाणे उठून जेवता आले पाहिजे.

३) अप्रसिद्धी : उपवासाची जाहिरात टाळावी. घरच्यांना वा डॉक्टरांना सांगणे म्हणजे जाहिरात नव्हे. मात्र इतरांच्या नजरेत मोठे होण्याची इच्छा मनात आहे काय, हे तपासावे.

४) न्याय : उपवासाच्या दिवशी आपल्या हाताखाली काम करणाऱ्याची मजुरी वेळेवर आणि पूर्ण दिली काय, कोणाचे देणे अडविले आहे काय, हा प्रश्न प्रार्थनेइतकाच महत्त्वाचा आहे.

५) वाटा : वाचलेले अन्न किंवा त्याची किंमत गरजूपर्यंत पोहोचली पाहिजे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही मराठी म्हण उपवासाच्या नावाखाली होणाऱ्या चैनीवर बोट ठेवते. ज्या उपवासात खर्च वाढतो आणि वाटा कोणालाच मिळत नाही, तो हर्मासच्या हिशेबात बसत नाही.

६) मर्यादा आणि सहिष्णुता : गर्भवती व स्तनदा माता, लहान मुले, वृद्ध, आजारी आणि अंगमेहनतीचे काम करणाऱ्या व्यक्ती यांच्यावर उपवास लादू नये. इन्सुलिन किंवा रक्तातील साखर कमी करणारी काही औषधे घेणाऱ्या मधुमेहींना उपाशी राहिल्याने गंभीर धोका संभवतो. त्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून उपवास करू नये. अशा व्यक्तींना दानीएलाप्रमाणे एखादा आवडीचा पदार्थ सोडण्याचा मार्ग मोकळा आहे. आणि जो उपवास करीत नाही, त्याला कमी लेखणे हे परुश्याचे लक्षण होय.

समारोप

बायबलमध्ये उपवासाला पश्चात्ताप, शोक, याचना आणि ईश्वराभिमुखता अशी निश्चित प्रयोजने आहेत. त्याच ग्रंथात उपवासाच्या दुरुपयोगाची नोंदही निर्भीडपणे केली आहे. नाबोथाचा खून उपवासाच्या सभेच्या आडून झाला; यशयाच्या काळातील मालक उपवासाच्या दिवशी मजुरांना राबवीत होते; परुश्याने उपवासाचा उपयोग शेजाऱ्याला खाली पाहण्यासाठी केला. या तिन्ही ठिकाणी अन्नत्याग यथासांग झाला होता. खोट निघाली ती दुसऱ्या माणसाशी असलेल्या संबंधात.

ही कसोटी ख्रिस्ती समाजापुरती मर्यादित मानण्याचे कारण नाही. अवर्षणप्रवण मराठवाड्यात उपास करणारी घरे आणि उपास पडणारी घरे एकाच गल्लीत असतात. विविध धर्मांच्या उपवासपरंपरांचा तौलनिक अभ्यास महाविद्यालयीन पातळीवर करताना विधी, तिथी आणि पदार्थ यांच्या नोंदींबरोबर आणखी एक नोंद घेता येईल : त्या दिवशी गावातील उपाशी माणसाच्या वाट्याला काय आले? यशयाच्या मते उपवासाचे मोजमाप तेथूनच सुरू होते.